आवाज कुणाचा? डॅशबोर्डचा!

एकांकिका स्पर्धेच्या हॉलमधली ती फेमस आरोळी आज थेट स्पोर्ट्‌स कारच्या केबिनमध्ये! डोळ्यांसमोर आणा: एमएच-२९ची पाटी, जमिनीला टेकलेली टू-सीटर, लालचुटुक रंग आणि दिग्रसच्या बसस्टँडसमोर वळलेल्या माना. आत मात्र ड्रायव्हरच्या कपाळावर आठी. इंजिन सुरात गातंय आणि डॅशबोर्डच्या पोटात कुणीतरी बेसूर ठेका धरलाय. टक्‌. टकटक. टक्‌.

वऱ्हाडात या दुखण्याला एकच वाक्य आहे: ‘गाडी वाजून राहिली, भाऊ!’ तर चला, वाजणाऱ्या गाडीचेच आज बारा वाजवू!

माहीत आहे का? खडखडीच्या बाबतीत स्पोर्ट्‌स कार साध्या फॅमिली कारपेक्षा जास्त हळवी असते. गुपित टायरवरच छापलंय. १८५/६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १८५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात १२० मिलिमीटर. स्पोर्ट्‌स कारच्या २५५/३५ टायरच्या भिंतीची उंची किती? जेमतेम ८९! रुंदी वाढली, गादी घटली. त्यात स्प्रिंगा कडक, बुश कडक. जो खडा टायरने गिळायचा, तो डॅशबोर्डपर्यंत येऊन हजेरी लावतो.

फरारी एफ-४०चा उपाय ऐकाल तर थक्क व्हाल. १९८७ साली, कंपनीच्या चाळिशीनिमित्त आलेल्या या गाडीत ना गालिचा, ना रेडिओ. दार आतून उघडायला हँडलऐवजी चक्क दोरी! हे सगळं केलं वजन वाचवायला. पण बोनस बघा, जे बसवलंच नाही ते वाजणार कसं?

आता एक तगडा आकडा. बुगाटी शिरॉनची बॉडी फक्त एक अंश पिळायची असेल तर ५०,००० न्यूटन-मीटर जोर लागतो, असं कंपनी सांगते. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच टन वजन लटकवा! हे कशाला सांगतोय? कारण बॉडी जितकी कमी पिळते, तितकी आतली पॅनेल्स एकमेकांना कमी घासतात. खडखडीची पहिली लढाई कारखान्यातच जिंकली किंवा हरली जाते.

छत कापलं की मात्र गणित फिरतं. छप्पर हा बॉडीचा मोठा आधार. ते काढलं तर खालची चौकट जास्त मजबूत करावी लागते, आणि तरीही ओपन-टॉप गाड्या थोड्या जास्त पिळवटतात. आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते? फायबरग्लासची बॉडी, कापडी टप, दोन सीट आणि ११४९ सीसीचं रेनॉ इंजिन. नव्वदीच्या अखेरीस भारतीय रस्त्यावर स्वदेशी टू-सीटर म्हणजे केवढी हौस! ताकद साधारण ६० हॉर्सपॉवरची, पण ऐट सहाशेची!

बरं, दिग्रस आणि खडखड यांचं नातं कुठलं? उत्तर पायाखाली आहे. काळी माती!

यवतमाळ जिल्ह्याला पांढरं सोनं देणारी ही कापसाची काळी जमीन रस्ता बांधणाऱ्यांची मात्र कसोटी पाहते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मृगाचा पाऊस पडला की जमीन वर, वैशाखात भेगा पडल्या की खाली. वर डांबर कितीही गुळगुळीत घाला, खालची जमीन श्वास घेत असते! म्हणून अशा मातीवर रस्ता करताना इंजिनिअर मातीत चुना मिसळतात किंवा वरची काळी माती काढून मुरूम भरतात. जिथे हे नीट झालेलं नसतं, तिथे रस्त्याला लाटा येतात. दारव्हा, पुसद, आर्णी, मानोरा, दिग्रसमधून कुठल्याही दिशेला निघा, काळी माती सोबतीला आहेच. कडक सस्पेन्शनची गाडी घेऊन या मुलखात राहणाऱ्याला खडखड शोधायला खास टेस्ट ट्रॅक लागत नाही.

टेस्ट ट्रॅकवरून आठवलं! पुण्याच्या एआरएआय टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात ना? ती एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था. तिथे गाडीचा आवाज, कंपनं आणि हादरे मोजणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. आणि अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संस्थेकडे लष्करी वाहनांची हाडं खिळखिळी होतात का, हे बघायला स्वतःचे टेस्ट ट्रॅक आहेत. गाडी हलवून हलवून तिची खोड बाहेर काढणं, हा मोठा अभ्यासाचा विषय आहे, महाराजा!

आता दुसरा व्हिलन: ऊन. माहीत आहे का? एक मीटर लांबीची पोलादी पट्टी ३० अंशांनी तापली तर ती एक मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाइतकीच वाढते. प्लास्टिक मात्र त्याच्या पाच ते दहा पट फुगू शकतं! विदर्भात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर, मेच्या दुपारी ४५ अंशांवर. बंद गाडीच्या काचेखालचा डॅशबोर्ड तर सत्तरी ओलांडतो. पोलादी चौकट जागच्या जागी आणि तिच्यावर बसवलेलं प्लास्टिक मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतंय. थंडीत फट वाढते, तेव्हा खडखड. उन्हात पॅनेल्स एकमेकांवर दाबली जातात, तेव्हा करकर. एकाच गाडीचे दोन सीझन, दोन साउंडट्रॅक!

आणि हा फरक जपून ठेवा, पुढे कामाचा आहे. खडखड म्हणजे दोन वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटताहेत. करकर म्हणजे त्या चिकटून आहेत आणि घासताहेत. खडखडीला गादी द्या, करकरीला घसरण द्या. उलट केलंत तर दिवस वाया!

करकरीचं भौतिकशास्त्र ऐकून संगीतप्रेमी टाळ्या वाजवतील. व्हायोलिनचा गज तारेला क्षणभर चिकटतो, मग निसटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा ही चिकट-निसट चालते आणि सूर उमटतो. चामड्याच्या सीटची कड मधल्या कन्सोलच्या प्लास्टिकला घासते तेव्हा अगदी हेच घडतं. एकीकडे मैफल, एकीकडे मनस्ताप. फिजिक्स सेम टू सेम!

माहीत आहे का? तुमचे दोन कान आवाजाची दिशा कशी ठरवतात? बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी, दुसऱ्याला नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त किती? सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग! एवढ्याशा अंतरावरून मेंदू ‘डावीकडे!’ असा निकाल देतो.

गव्हाणी घुबड याहून पुढचं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, त्यामुळे आवाज किती उंचीवरून आला हेही त्याला कळतं. मिट्ट काळोखात ते केवळ खसखशीवरून उंदीर उचलतं. आपले दोन्ही कान एका रेषेत, म्हणून वर-खालीच्या बाबतीत आपण कच्चे. आवाज छतातून येतोय की डॅशमधून, यावर नवरा-बायकोत पैज लागते ती उगाच नाही.

त्यात गाडीची केबिन म्हणजे काचांचा महाल. पुढची काच तिरकी, बाजूच्या काचा कडक, आवाज सगळीकडून उसळी मारून कानात शिरतो. सीटबेल्टचं बक्कल खांबावर आपटतं आणि वाटतं, मागचा स्पीकर फाटला. पुढच्या काचेपाशी टिकटिक ऐकू येते आणि मूळ असतं बोनेटखालच्या वायपरच्या पट्टीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणूनच माझं ठाम मत आहे: पहिल्या संशयावर डॅशबोर्ड खोलणं हा गाडीवरचा अन्याय आहे. प्रत्येक उघडझापीत दोन-चार क्लिपा तुटतात, आणि प्रत्येक तुटकी क्लिप नवी खडखड जन्माला घालते.

मग कान कसा लावायचा? १८१६ साली पॅरिसच्या रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आज मेकॅनिकचाही स्टेथोस्कोप मिळतो, टोकाला धातूची दांडी असलेला. जुने मिस्त्री तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाजवळ धरून बेअरिंगचं निदान करत आले आहेत. मोठ्या कंपन्यांकडे याची हायफाय आवृत्ती आहे: डझनावारी मायक्रोफोन लावलेला ‘ध्वनी-कॅमेरा’, जो आवाज जिथून येतो तिथे स्क्रीनवर रंगीत डाग दाखवतो.

तुमच्याकडे तो कॅमेरा नाही? नो टेन्शन! भाऊ, वहिनी, भाचा, कुणालाही स्टिअरिंगवर बसवा आणि तुम्ही शेजारी बसा. जो चालवतो त्याला शोधता येत नाही, आणि त्याने शोधूही नये. रस्ता निवडा हळू वेगाचा, खडबडीत. समृद्धी महामार्ग त्यासाठी बाद! ७०१ किलोमीटरचा तो रस्ता काँक्रीटचा आहे, शंभरच्या पुढे टायरचा आणि वाऱ्याचा आवाजच बारीक खडखड गिळून टाकतो. वीस-तीसचा स्पीड, बंद पंखा, बंद एसी. आता तळहाताने एकेक पॅनेल दाबत जा. डॅशचा वरचा भाग, एसीची जाळी, दाराचं पॅड, सनव्हायजर. दाबल्याबरोबर आवाज थांबला? चोर सापडला! तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा आणि पुढे चला. चोर एकटा नसतो.

पण थांबा, त्याही आधी गाडी रिकामी करा. पूर्ण रिकामी! दाराच्या कप्प्यातली चिल्लर, कन्सोलमधला चार्जर, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली, डिकीतला जॅक. अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनीच नसते, पंक्चर दुरुस्तीचा कॅन आणि छोटा पंप असतो, आणि तो पंप आपल्या खोबणीतून निसटला की मागे ताशा सुरू!

भारी ट्रिक हवी? गाडी उभी ठेवा, इंजिन बंद करा आणि फोनवरून गाडीच्या स्पीकरवर खालच्या पट्टीपासून हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवा. साधारण ३० हर्ट्‌झपासून २०० हर्ट्‌झपर्यंत. मध्येच एका ठिकाणी दाराचं पॅड झणझणेल, पुढे सरकलात की गप्प बसेल. ती त्याची स्वतःची लय. म्हणूनच काही गाड्या नेमक्या एकाच आरपीएमला वाजतात!

लयीची ताकद किती असते? १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावरून सैनिकांची तुकडी कदम मिलाके चालली आणि पूल कोसळला. तेव्हापासून ब्रिटिश सैन्याने पुलावर पाय न जुळवता चालायचा नियमच केला. तुमच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाचं नशीब त्या मानाने बरं!

ग्लोव्ह बॉक्स म्हटलाच आहे, तर तोच उघडू या. झाकणाच्या दोन वरच्या कोपऱ्यांत रबराचे छोटे गुटके दिसतील, मटाराच्या दाण्याएवढे. झाकण बंद झाल्यावर त्याला आतून रेटून धरणं एवढंच त्यांचं काम. एक गुटका गळून पडलेला असतो, किंवा उन्हाने कडक होऊन बसलेला. काही गाड्यांत तो पेचाचा असतो. अर्धा फेरा बाहेर काढा, झाकण घट्ट बसतं, खडखड गायब! नसेल थांबली, तर टॉर्च मारून आत बघा. जिथे घासतं तिथे प्लास्टिक एकतर आरशासारखं चकाकतं, नाहीतर पांढरट ओरखडा पडतो आणि खाली करडी भुकटी साचते. ती भुकटी दिसली की निम्मी लढाई जिंकलीच. मागे वायरिंगचा एखादा प्लग खुंटीतून सुटून लोंबकळत असतो. त्याला कापडी टेपचे दोन वेढे द्या, खुंटीत परत बसवा. पॅनेलची क्लिप म्हणजे स्प्रिंगस्टीलची इवलीशी चिमटी. तिची पकड ढिली झाली असेल तर प्लास्टिकच्या जिभेवर फेल्टची पट्टी चिकटवून मग चिमटी चढवा. चढताना ‘कट्‌’ असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर ती बसलेलीच नाही.

फेल्ट का? फोम का नाही? फोमही चालतो, पण आमच्या उन्हात स्वस्त फोम दोन-तीन उन्हाळ्यांत चुरा होतो आणि चिकट थर मागे ठेवतो. फेल्ट आणि कापडी टेप टिकतात. कारखान्यातून आलेल्या गाडीची वायरिंग बघा, तीही मऊ कापडी टेपने गुंडाळलेली असते.

आणि इथे यवतमाळकरांनी कॉलर टाइट करावी! माहीत आहे का? जगभरातल्या कितीतरी गाड्यांमध्ये आवाज शोषायला जो थर घालतात, त्यात कापूस असतो. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या पिंजून, दाबून त्याची जाड चादर करतात आणि ती गालिच्याखाली, डॅशच्या मागे, डिकीत बसवतात. फोर्डने तर जुन्या जीन्सचा कापूस वापरल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली हवा आवाजाची ऊर्जा खाऊन टाकते. म्हणजे ज्या मातीने रस्ता हलवला, त्याच मातीच्या पिकाने गाडी शांत केली. पांढरं सोनं, शंभर नंबरी!

करकरीसाठी मात्र वंगण लागतं, आणि इथे एक लाडका गैरसमज. डब्ल्यूडी-४०! नावातले ते ‘४०’ म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने पाणी हटवणारं रसायन तयार करायला घेतलं आणि चाळिसाव्या सूत्राला यश आलं. सुरुवातीला ते कुठे वापरलं माहीत आहे? अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर, गंज लागू नये म्हणून! बिजागरी सोडवायला ते झकास. पण दाराच्या रबरी बीडिंगवर ते मारू नका, काम फार दिवस टिकत नाही. रबराला सिलिकॉनचं वंगण द्या. बीडिंग ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, बोटाने पातळ हात फिरवा. धूळ आणि सुकलेलं रबर, दार करकरण्याची निम्मी कारणं इथेच संपतात.

आता जरा सिरियस. काही आवाज दाबायचे नसतात, ऐकायचे असतात. स्पीडब्रेकरवरून जाताना खालून ‘खट्‌’, वळताना ‘कट्‌कट्‌’, ब्रेक दाबल्यावर ‘ठक्‌’ हे डॅशबोर्डचे चाळे नाहीत. स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचं वरचं माउंटिंग, नाहीतर ढिले व्हीलनट. गाडी लिफ्टवर घ्या, चाक वर-खाली आणि आडवं हलवून बघा. इथे टेप नव्हे, पाना हवा. आजच्या आज!

दुसरी सूचना तितकीच पक्की. छताच्या कडेचे खांब, स्टिअरिंगचा मधला भाग आणि डॅशची प्रवाशासमोरची बाजू यांत एअरबॅग असतात. त्या सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगतात, तुमची पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ लागतो. तिथे फोम, कापूस, काहीही कोंबायचं नाही. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या आणि ते काम प्रशिक्षित माणसाकडे द्या.

सोपा चोर हवाय? गाडीखाली वाका. सायलेन्सरच्या वर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो. त्याचं एक टोक गंजून सुटलं की स्टार्ट करताना झांज वाजते. एक मोठी होज क्लिप आवळली की शांत!

शांततेचा अतिरेकही होतो बरं का! १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी या जाहिरात-सम्राटाने रोल्स-रॉइसची जाहिरात केली: ताशी ६० मैलांच्या वेगाला गाडीत सगळ्यात मोठा आवाज काय, तर घड्याळाचा! जाहिरात अजरामर झाली. पुढे २०२० साली नव्या घोस्ट मॉडेलमध्ये कंपनीने १०० किलोहून जास्त आवाजरोधक सामान घातलं. केबिन इतकी शांत झाली की आत बसणाऱ्यांना गरगरल्यासारखं वाटायला लागलं, आणि इंजिनिअरांनी मुद्दाम एक मंद गुंजन परत आणलं!

आणि स्पोर्ट्‌स कारवाले? त्यांना आवाज हवाच असतो, फक्त ‘योग्य’ आवाज. लेक्सस एलएफएचा सूर जुळवायला यामाहाची मदत घेतली होती, हो, तीच पियानोवाली यामाहा! तिचं इंजिन इतक्या झटक्यात ९,००० आरपीएमला पोचायचं की काट्याच्या मीटरला ते झेपेना, म्हणून डिजिटल मीटर बसवला. बनल्या फक्त ५००. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम-५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडला आणि शौकिनांमध्ये वाद पेटला. आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई-६ या इलेक्ट्रिक गाडीचे आवाज तर ए. आर. रहमान यांनी रचले आहेत.

इलेक्ट्रिकवाल्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. इंजिनाची घरघर गेली की तिच्यामागे लपलेली प्रत्येक टिकटिक उघडी पडते. खडखड शोधणाऱ्यांना पुढची कितीतरी वर्षं काम आहे!

सचिनची फरारी विसरलो नाही हं! २००२ साली सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर मायकेल शूमाखरने त्याच्या हाती ३६० मोडेनाची चावी ठेवली. तिची चौकट संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची, हलकी आणि ताठ. २०११मध्ये ती विकली जाऊन सुरतेला गेली.

आणि विदर्भाची अस्सल स्पोर्ट्‌स कार? शंकरपटाचा छकडा! दोन बैल, हलकीफुलकी गाडी, निकाल सेकंदांच्या हिशेबात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध. २०१४च्या बंदीनंतर २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला आणि पटांना पक्का आधार मिळाला. तिथेही शर्यतीआधी जाणकार आस हलवून बघतो: चाक किती डुलतंय, वंगण पोचलंय का. तपासणी तीच, मशीन वेगळं!

वर्कशॉपांत एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. अमेरिकेतली महागडी गाडी, दारातून न थांबणारी खडखड, शेवटी दार फोडलं तर आत दोरीला टांगलेली बाटली आणि चिठ्ठी: ‘सापडलं एकदाचं!’ कारखान्यातल्या वैतागलेल्या कामगाराची करामत म्हणे. किस्सा दंतकथेतच जमा करावा असा, पण दाराच्या पोकळीत सुटलेला बोल्ट, काचेचा खडा किंवा स्पीकरचा स्क्रू मात्र खरोखर सापडतो. पॅड काढलंच आहे तर तळाशी हात फिरवून घ्या, आणि पाणी बाहेर जायची भोकंही मोकळी करा.

सगळं झालं? फेल्ट लावला, बीडिंगला सिलिकॉन दिलं, होज क्लिप आवळली, तरी डोक्यावरून अजून किणकिण येतेय? मग आरशाच्या वरचा तो छोटा कप्पा उघडा. गॉगल काढा आणि डोळ्यांवर चढवा!